लंडन आवडत नाही? मग पाचव्या चालीत प्रश्न विचारा

वाङ्मय मंडळाच्या अंकात बुद्धिबळावर लेख कशाला, असं काही जण विचारतील. उत्तर सोपं आहे. आपल्या मंडळातले निम्मे लोक कॉलेजच्या बुद्धिबळ टीममध्येही आहेत, आणि गेल्या महिन्याभरात त्यांच्या तोंडी एकच तक्रार आहे: "परत लंडन!" एफवायची एक मुलगी तर टीममधून नाव काढून घ्यायच्या विचारात आहे. तिसऱ्या बोर्डवर ती छान खेळते. पण ती म्हणते, "समोरचा दरवेळी त्याच पाच चाली खेळतो, मला झोप येते आणि मी हरते." हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे. बुद्धिबळ येत असून कंटाळा आलेल्या सगळ्यांसाठीही आहे.

आधी चौकोनांची नावं सांगते, म्हणजे पुढे अडायला होणार नाही. पांढऱ्याकडून पाहिलं की पटाच्या उभ्या पट्ट्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८. म्हणजे पांढऱ्या वजिराच्या समोरचं प्यादं दोन घरं पुढे गेलं की ते डी४ वर येतं. बस, एवढं पुरे.

लंडन म्हणजे काय

पांढरा पहिल्या चालीत प्यादं डी४ वर नेतो. मग काळ्या घरातला उंट एफ४ वर येतो. त्यानंतर ई३, सी३, घोडा एफ३, दुसरा घोडा डी२, दुसरा उंट डी३. प्याद्यांचा एक छोटा त्रिकोण तयार होतो आणि उंट त्या त्रिकोणाच्या बाहेर आधीच पोचलेला असतो. काळा काहीही खेळो, पांढरा बहुतेक वेळा हेच खेळतो. लंडनचं आकर्षण तेच, आणि आपल्याला येणारा रागही त्याचाच. समोरच्यानं पाठांतर फारसं केलेलं नसतं, तरी त्याचा डाव सुरक्षित असतो.

हे नाव १९२२ च्या लंडन स्पर्धेवरून पडलं. ती स्पर्धा कॅपाब्लांकानं जिंकली होती. तेव्हापासून बरीच वर्षं याला "म्हाताऱ्यांचं ओपनिंग" म्हणून हिणवलं गेलं. आता मात्र कार्लसनसुद्धा ते खेळतो. २०२३ मध्ये अस्तानाला विश्वविजेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेननं सहावा डाव लंडननंच जिंकला, तोही राजावर सरळ हल्ला करून. म्हणून पहिली गोष्ट: "बोअरिंग आहे" म्हणून त्याला हलकं समजू नका. शांत दिसणाऱ्या या घरात चाकू असतो.

नावडीला जुना इतिहास आहे

ओपनिंगवर राग धरणं नवीन नाही. आपल्या सिल्वासावर १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून एका पोर्तुगीजाचीच गोष्ट सांगते. पेद्रो दामियानो हा औषधं विकणारा माणूस. त्याचं बुद्धिबळावरचं पुस्तक १५१२ मध्ये रोममध्ये छापलं गेलं. ई५ वरचं प्यादं वाचवायला काळ्यानं एफ६ खेळावं, ही कल्पना त्याला अजिबात पसंत नव्हती. ती का वाईट, हे त्यानं दाखवून दिलं. गंमत अशी की ज्या बचावावर त्यानं टीका केली, तोच आज "दामियानो डिफेन्स" म्हणून ओळखला जातो. ज्याला नावं ठेवली त्याच्याच गळ्यात नाव पडलं!

दुसरे आमचे फादर. रुय लोपेझ हा स्पेनमधला धर्मगुरू, झाफ्रा गावचा. १५६१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याच्या नावाचं ओपनिंग आजही खूप अभ्यासलं जातं. पट असा ठेवा की ऊन समोरच्याच्या डोळ्यांत जाईल, हा सल्लाही त्यानं दिला होता! फादरांकडून अशी अपेक्षा नव्हती, पण नावडत्या प्रतिस्पर्ध्याचं काय करावं हा प्रश्न त्यांनाही पडला होता, हे नक्की.

कास्पारोव्हची भिंत आणि नाशिकचा विदित

नावडत्या ओपनिंगपुढे मोठी माणसंही अडकतात. २००० साली लंडन शहरातच कास्पारोव्ह विरुद्ध क्रामनिक अशी विश्वविजेतेपदाची लढत झाली. फादरांच्याच ओपनिंगमध्ये क्रामनिक काळ्याकडून "बर्लिन" बचाव खेळला. वजीर लवकर पटावरून जातात, आणि मग हल्ला करायला पांढऱ्याकडे काही उरत नाही. हल्लेखोर कास्पारोव्हला ते आवडण्यासारखं नव्हतं, तरी तो पुन्हा त्याच भिंतीवर धडकत राहिला. पंधरा डावांत त्याला एकही विजय मिळाला नाही आणि विजेतेपद गेलं. नंतरच्या अनेक खेळाडूंनी शहाणपण केलं. ते प्यादं डी३ वर ठेवतात, वजीर पटावर राहू देतात आणि लढाई दुसरीकडे नेतात.

यातून दोन वाटा दिसतात. नावडत्या ओपनिंगला वळसा घालायचा, नाहीतर त्याला असा प्रश्न विचारायचा की समोरच्याला स्वतः विचार करावा लागेल. तिसरी वाट, म्हणजे चिडून खेळणं, कुठेच नेत नाही.

प्रश्न विचारणं म्हणजे काय, याचं ताजं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. नाशिकच्या विदित गुजराथीनं एप्रिल २०२४ मध्ये टोरंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत हिकारू नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी हरवलं. नाकामुरा त्याआधी क्लासिकल प्रकारात ४७ डाव हरलेला नव्हता. ओपनिंग फादरांचंच होतं, रुय लोपेझ. अशा डावात काळ्यानं बचाव करत बसावं अशी अपेक्षा असते. विदितनं पांढऱ्या राजापुढच्या प्याद्यासाठी उंट देऊन टाकला, आणि उत्तरं शोधायचं काम नाकामुरावर आलं. त्याच स्पर्धेत नंतर दुसऱ्यांदाही विदितनं त्याला हरवलं.

आपण विदित नाही. उंट द्यायची गरजही नाही. लंडनला विचारायचे प्रश्न बरेच स्वस्त आहेत.

पहिला प्रश्न: बी२ कोण सांभाळणार?

लंडनमध्ये काळ्या घरातला उंट लवकर बाहेर जातो, म्हणून मागे बी२ चं प्यादं एकटं पडतं. आपला सगळ्यात चांगला प्रश्न तिथेच आहे.

चाली अशा: पांढरा डी४, आपण डी५. घोडा एफ३, आपला घोडा एफ६. उंट एफ४, आपण लगेच प्यादं सी५ वर. ई३, आपला घोडा सी६. सी३, आणि आता पाचव्या चालीत वजीर बी६ वर. बी२ वर थेट नजर. पांढऱ्याचं पाठांतर इथे थांबतं.

बहुतेक जण वजीर बी३ वर आणून समोर उभा करतात. आपण प्यादं सी४ वर ढकलायचं, म्हणजे त्याच्या वजिराला निर्णय घ्यावाच लागतो. त्यानं आपला वजीर घेतला तर आपण ए प्याद्यानं घ्यायचं. प्यादी एकामागे एक येतात, दिसायला वाईट, पण ए पट्टी आपल्या हत्तीसाठी उघडते आणि पुढे बी५, बी४ ढकलून त्याच्या प्याद्यांचा त्रिकोण फोडता येतो. डाव समतोल असतो आणि काय करायचं ते आपल्याला माहीत असतं.

त्यानं वजीर सी२ वर मागे नेला तर मजा आहे. आपण उंट एफ५ वर ठेवायचा, सरळ त्याच्या वजिरासमोर. हा उंट फुकट दिसतो. त्यानं तो खाल्ला की आपला वजीर बी२ घेतो, आणि ए१ च्या हत्तीला पळायला जागाच नाही, कारण शेजारी बी१ वर त्याचाच घोडा बसलाय. म्हणून पांढऱ्याला वजीर सी१ वर निमूट न्यावा लागतो. एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. ही युक्ती घोडा बी१ वर असेपर्यंतच चालते. तो डी२ वर आला असेल तर हत्ती बी१ वर सरकून वाचतो आणि आपला उंट खरंच फुकट जातो. म्हणजे चाली पाठ करून भागत नाही, घोडा कुठे आहे ते बघावं लागतं.

दुसरा प्रश्न: या उंटाची अदलाबदल करणार का?

ज्यांना धांदल नको त्यांच्यासाठी हा प्रश्न. डी५, घोडा एफ६, ई६, आणि मग उंट डी६ वर. त्याचा लाडका उंट आपल्या उंटासमोर येतो. लंडनची निम्मी ताकद त्या एका उंटात आहे, म्हणून तो पटावरून गेला की समोरच्याच्या डोक्यातला हल्ल्याचा नकाशाच पुसला जातो.

त्यानं डी६ वर घेतलं तर वजिरानं परत घ्या, सोपं आहे. सी प्याद्यानं घेतलं तरी चालतं, कारण मग ई५ या चौकोनावर आपला पहारा बसतो. तो उंट जी३ वर मागे गेला, तर मात्र घाईनं घेऊ नका. त्याचं एच प्यादं जी३ वर येईल आणि एच पट्टी त्याच्या हत्तीला उघडी मिळेल. आपलं कॅसलिंग त्याच बाजूला झालं असेल, तर आपणच चोराला दार उघडून दिलं असं होईल. त्यापेक्षा शांतपणे सी५ खेळा.

तिसरा प्रश्न: तुझा उंट कशाकडे बघतोय?

तिसरी वाट आपल्या मातीतली आहे. जी६, उंट जी७, डी६, कॅसलिंग. याला जग "किंग्ज इंडियन" म्हणतं. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याचे मोहेशचंद्र बॅनर्जी स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रेनविरुद्ध अशा पद्धतीनं खेळत. जुन्या भारतीय बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जायचं. त्या सवयीतून आलेली ही मांडणी, आणि "इंडियन" हे नावही तिथलंच.

लंडनविरुद्ध ती का चालते? डी६ वरचं प्यादं एफ४ च्या उंटाची वाट अडवतं. मग घोडा बी८ वरून डी७ वर, हत्ती ई८ वर, आणि तयारी झाली की प्यादं ई५ वर. ते प्यादं थेट त्या उंटावर येतं. तो एच२ वर जाऊन बसतो आणि बराच वेळ समोर आपलं प्यादं बघत राहतो. त्यानं अजून एच३ खेळलं नसेल, तर आपला घोडा एच५ वर नेऊन उंटाला थेट हुसकावताही येतं.

काय करू नये

एक, कॅसलिंग करून नुसतं बसू नका. पांढऱ्याला वेळ दिला की त्याचा घोडा ई५ वर बसतो, डी३ चा उंट एच७ कडे रोखून पाहतो आणि वजीर राजाच्या बाजूला येतो. ई५ वरचा घोडा दिसला की तो बदलून टाकायची संधी शोधा.

दोन, पांढऱ्याचा घोडा डी२ ऐवजी सी३ वर आला, तर ते नेहमीचं लंडन नाही. त्याला जोबावा म्हणतात. तिथे घोडा बी५ वर येऊन सी७ वर धाड घालायचा धोका असतो. ए६ ही छोटी चाल वेळेत खेळली की तो धोका मिटतो.

तीन, तिन्ही प्रश्न एकदम शिकू नका. एक निवडा आणि किमान वीस डाव तोच खेळा.

आमच्याकडे रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये पट मांडले जातात. तिथले एक अंकल गेली कित्येक वर्षं फक्त लंडन खेळतात. त्यांना कारण विचारलं तर म्हणाले, "बाळ, मला सुरुवात आवडत नाही, मला मधला डाव आवडतो. तिथे लवकर पोचतो म्हणून हे." तेव्हापासून लंडन खेळणाऱ्याकडे मी आळशी म्हणून बघत नाही. त्याला बोलायचंच असतं, फक्त नमस्कार-चमत्कारात वेळ घालवायचा नसतो. आपण पाचव्या चालीत प्रश्न विचारला की तेच बोलणं आणखी लवकर सुरू होतं, आणि विषय आपला असतो.

साहित्याच्या वर्गातही हेच होतं ना? नेमलेलं पुस्तक आवडत नाही म्हणून आपण गाईड वाचतो आणि आणखी कंटाळतो. त्याच पुस्तकाला एक नेमका प्रश्न विचारला, की ते उघडायला लागतं.

तर तिसऱ्या बोर्डवरच्या मुलीला निरोप: नाव इतक्यात काढू नकोस. सोमवारी लेक्चर संपल्यावर लायब्ररीच्या मागच्या टेबलावर मी पांढरी मोहरी घेऊन बसते. मी लंडन खेळेन, दहाही डाव. तू वजीर बी६ वर आण. आणि बी१ वरच्या घोड्याकडे लक्ष ठेव.