अर्ध्या किलोचा चाप

मुलगी नेमबाजी करते म्हटलं की बायका विचारतात, "भीती नाही वाटत?" वाटते ना, खर्चाची! लेक नववीत, दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. यंदा तिने धोशाच लावला होता, पिस्तुलाचा ट्रिगर बदलायचा. "सगळ्यांचा हलका आहे गं आई, माझाच जड!" परदेशी सुट्या भागाची किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "तेवढ्यात पोरीला कानातलं झालं असतं."

पैसे द्यायचे तर आधी समजून घ्यावं, म्हणून रेंजवर सरांना गाठलं. त्यांनी माझ्यासमोर अर्ध्या किलोचं वजन ठेवलं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला, म्हणजे चापाला, निदान ५०० ग्रॅम भार पेलावाच लागतो. नळी वर धरायची, चापाला वजन अडकवून उचलायचं. चाप सुटला तर पिस्तूल नियमात बसत नाही. स्पर्धेनंतरही तपासणी होते, कमी भरलं तर खेळाडू बाद. म्हणजे लाख रुपये ओता, याहून हलका चाप कुणालाच मिळत नाही!

मग फरक कशात? बोट आधी थोडं सैल सरकतं, मग अडतं. तिथून जरा दाब वाढवला की छर्रा सुटतो. हे सुटणं कोरडी काडी मोडावी तसं स्वच्छ हवं. चाप घासत, अडखळत सुटला की मनगट हलतं. आणि दहा गुणांचं वर्तुळ किती? साडेअकरा मिलिमीटर, सदऱ्याच्या बटणाएवढं!

लेकीचा चाप मोजला, तर ५०० वर आणखी १०० ग्रॅम सहज पेलले. पोरगी खोटं बोलत नव्हती! सरांनी बारीक किल्लीने स्क्रू फिरवला, दोन-चारदा वजन लावून पाहिलं. शिवाय चाप तिच्या आखूड बोटाला लांब पडत होता. नुसतं टोक पोचायचं, त्यामुळे पिस्तूल बाजूला ढकललं जायचं. चाप थोडा मागे सरकवला. खर्च शून्य.

बदलायची वेळ कधीच येत नाही असं नाही. आतले भाग झिजले तर बदलावेच लागतात. काही पिस्तुलांत इलेक्ट्रॉनिक चापही असतो, दर वेळी अगदी सारखा सुटणारा. पण यंत्र ते यंत्रच. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐनवेळी बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली, अंतिम फेरी हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण २५ मीटर पिस्तुलात जिंकलं. त्या प्रकारात चापाला चक्क एक किलोची अट!

सध्या लेक रोज रात्री पिस्तूल रिकामं आहे ना हे आधी बघते. मग कोऱ्या भिंतीसमोर, छर्रा न घालता, शंभरदा चाप ओढते. वाचलेले पैसे स्पर्धेच्या फीसाठी आणि प्रवासाला ठेवलेत.

मैत्रिणींनो, मुलं महागडं काही मागतात तेव्हा लगेच 'हो' नको आणि 'नाही'ही नको. ती वस्तू नेमकं काय काम करते, एवढं जाऊन विचारा. आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं म्हणू नका. वजनमाप आपल्याइतकं कुणाला कळतं?