जोरात टाकणाऱ्या पोराचा हिशोब

आजचा विषय फळ्यावर वाचून काही जणांनी आत येतानाच विचारलं, महाडात बसून बेसबॉलवर काय बोलणार? पोलादपूरपासून बिरवाडीपर्यंत कुणाच्या घरात बेसबॉलची बॅट असेल असं आम्हालाही वाटत नाही. पण भातकापणी झाली की आपल्याकडे खाचरांत पिचं तयार होतात, आणि मग पहिला पाऊस पडेपर्यंत टेनिस बॉलच्या सामन्यांशिवाय रविवार जात नाही. त्या सामन्यांत जो पोरगा जोरात टाकतो, त्याच्या कमरेचं आणि खांद्याचं काय होतं, हा आजचा विषय आहे. बेसबॉल मध्ये आणला तो एवढ्यासाठी, की चेंडू टाकणाऱ्या माणसाचा हिशोब त्या खेळाने फार काटेकोर ठेवला आहे.

तिकडे काय चालतं ते आधी थोडक्यात पाहू. जो चेंडू टाकतो तो पिचर. सामना नऊ डावांचा. सुरुवात करणारा पिचर साधारण पाच-सहा डाव टाकतो, चेंडूंची संख्या शंभराच्या आसपास गेली की त्याला काढतात, आणि मग चार-पाच दिवस त्याला सामन्यात हात लावत नाहीत. म्हणून एका संघात सुरुवात करणारे पाच जण पाळीपाळीने ठेवलेले असतात. उरलेले डाव टाकायला वेगळी फळी असते. ही मंडळी मैदानाच्या कडेला एका कुंपणात बसतात, तिथेच हात गरम करतात. त्या जागेला ‘बुलपेन’ म्हणतात, म्हणजे सरळ शब्दांत बैलांचा गोठा. नाव आपल्याकडच्या माणसाला लगेच कळण्यासारखं आहे. कुठला बैल काल औताला होता, कुठला आज ताजा आहे, हे शेतकऱ्याला जसं सांगावं लागत नाही, तसं ते तिथल्या मॅनेजरला पाठ असावं लागतं.

एक फरक लक्षात ठेवा. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला बाजूला ठेवून नंतर पुन्हा आणू शकतो. त्यामुळे आपल्या कर्णधाराला मोह जास्त. ‘अजून एकच टाक रे’ हे वाक्य आपल्या खेळात कधीही म्हणता येतं.

मोह तिकडेही होतो. १६ ऑक्टोबर २००३ला बोस्टन आणि न्यूयॉर्क यांच्यात निर्णायक सामना होता. बोस्टन ५-२ने पुढे, आठवा डाव सुरू, आणि पेद्रो मार्टिनेझचे शंभर चेंडू होऊन गेलेले. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेला, पेद्रोला विचारलं, आणि त्याला तिथेच ठेवून परत आला. न्यूयॉर्कने बरोबरी केली आणि अकराव्या डावात सामना घेतला. लिटलची नोकरी गेली. आमच्या मते यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी, की थकलेल्या गोलंदाजालाच विचारायचं नसतं. तो ‘टाकतो’च म्हणणार. आपल्या गावचा पोरगाही कधी ‘नको’ म्हणाल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

आता आपल्या खाचरात येऊ. चार षटकांचा सामना, एका गोलंदाजाला एक षटक. कुठे सहा षटकांचा, तिथे दोन. बघणाऱ्याला वाटतं, दोन षटकांनी काय होतंय? पण सोळा संघांच्या बाद फेरीत जिंकणारा संघ एका दिवसात चार सामने खेळतो. चार दुणे आठ षटकं, म्हणजे ४८ चेंडू. वाइड आणि नो-बॉल वेगळे. शनिवारी एका वाडीची ट्रॉफी आणि रविवारी शेजारच्या गावची, तर दोन दिवसांत ९६. हे सगळे पूर्ण जोराचे, कारण चार-सहा षटकांच्या सामन्यात हात राखून टाकायची सोय नसते.

यात अजून एक गोष्ट लपलेली आहे, ती बुलपेनवाल्यांना चांगली माहीत आहे. एखाद्या पिचरला उठवलं, त्याने हात गरम केला, मग गरज नाही म्हणून बसवलं, पुन्हा उठवलं. धावफलकावर त्याचा एकही चेंडू दिसत नाही, पण दंडाने तीस-चाळीस मारलेले असतात. आपल्याकडे हेच रूप बदलून येतं. सकाळी नऊला पहिला सामना, दुसरा साडेअकराला, तिसरा दुपारी तीनला, अंतिम सामना दिव्यांच्या उजेडात. मधल्या वेळात पोरगा आंब्याखाली बसून वडापाव खातो. अंग थंड पडतं. मग नाव पुकारलं की तीन चेंडू हवेत टाकून थेट पूर्ण रनअप. म्हणजे एका दिवसात चारदा थंड अंगाने सुरुवात. एका दमात आठ षटकं टाकण्यापेक्षा हे हलकं आहे, असं कुणी समजू नये.

शरीरात काय होतं? वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय टेकतो त्या क्षणी त्याच्या वजनाच्या पाचपट-सातपट जोर पायातून वर जातो. त्याच वेळी कंबर मागे आणि बाजूला वाकलेली, अंग पिळलेलं. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, त्यावर हा पीळ बसतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुतेक वेळा डाव्या बाजूला, खालच्या दोन मणक्यांत, बारीक चीर जाते. हाड पूर्ण पक्कं व्हायला विशी उलटावी लागते, म्हणून पंधरा ते बावीस हे वय सगळ्यांत धोक्याचं. गवताच्या ओल्या मैदानावर पाय थोडा तरी सरकतो. मार्चमधलं आपलं खाचर म्हणजे भाजलेली वीट, आणि पायात बाजारातले साधे बूट. जमीन काही घेत नाही, सगळं कंबरेला परत देते.

‘अहो, पण टेनिस बॉल हलका असतो’ असं हमखास सांगितलं जातं. साधा टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३, बेसबॉल १४२ ते १४९. पण पुढच्या पायावर येतं ते चेंडूचं वजन नव्हे, अंगाचं. कंबरेला चेंडू कुठला ते कळत नाही. शिवाय आपल्याकडे कोपर वाकवून ‘फेकी’ टाकणारे बरेच आहेत, आणि पंच डोळेझाक करतात. हात सरळ ठेवून टाकणाऱ्याच्या कोपराला तसा त्रास कमी. फेकी टाकणारा मात्र बेसबॉलच्या पिचरचं दुखणं स्वतःहून ओढवून घेतो. पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूचा बंध तुटतो. १९७४मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी दुसरीकडचा स्नायुबंध काढून तिथे बसवला, आणि तो माणूस त्यानंतर १६४ सामने जिंकला. आज त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. पण टॉमी जॉनच्या मागे एक श्रीमंत क्लब होता. खाजगी दवाखान्याचं बिल आपला पोरगा कशातून भरणार?

पूर्वीचे लोक टाकायचेच की, असंही ऐकू येतं. पूर्वीच्याच माणसाचं बघू. रमाकांत देसाई, मुंबईचे, लहान चणीचे, पण चेंडू असा उसळवत की मोठमोठे फलंदाज दचकत. १९५८-५९च्या पहिल्याच रणजी हंगामात ५० बळी, आणि फेब्रुवारी १९५९मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. वय १९. त्या डावात त्यांना ४९ षटकं टाकायला लावली. त्यांनी १६९ धावांत ४ बळी घेतले. पुढे कित्येक सामन्यांत भारताच्या वेगवान माऱ्याचा भार त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होता. १९६८ला, तिशीच्या आत, २८ कसोटी आणि ७४ बळींवर त्यांची कसोटी कारकीर्द थांबली. त्या काळी त्यांचे चेंडू कुणी मोजले असते तर काय झालं असतं, हे सांगता येणार नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला एका डावात ४९ षटकं, हे आज कुठलाही प्रशिक्षक करणार नाही.

इथे बापू नाडकर्णींचं नाव कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. १९६४ला मद्रासमध्ये ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, आणि लागोपाठ २१ षटकं निर्धाव. ते फिरकी गोलंदाज. चार पावलांची धाव आणि मनगट-बोटांचं काम. फिरकीवाल्याचं षटक आणि वेगवानाचं षटक एका वहीत एकाच भावाने लिहायचं नाही.

आणि कपिलदेव? १३१ कसोटी, दुखापतीमुळे एकही चुकलेली नाही. याचं आम्हाला पटणारं उत्तर असं, की अंग विलक्षण होतंच, पण त्यांचं टाकणं सलग होतं. इथे संशोधन उपयोगी पडतं. नुसतं ‘जास्त’ टाकल्याने जेवढं बिघडतं, त्याहून अधिक ‘अचानक जास्त’ टाकल्याने बिघडतं. आणि दुखणं लगेच येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन ऑर्चर्ड यांनी २००९मध्ये दाखवलं, की एका सामन्यात ५० षटकांच्या वर टाकलेल्या वेगवान गोलंदाजाला पुढचे तीन आठवडे दुखापतीचा धोका वाढलेला असतो. म्हणजे सामना संपतो, सत्कार होतो, लोक विसरतात, आणि मग कंबर धरते.

आपल्या चाकरमान्यांना हे तंतोतंत लागू आहे. पोरगा नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला राहतो, लोकलने कामाला जातो, तीन महिने हातात चेंडू नाही. शिमग्याला गावी येतो आणि पालखी नाचवून झाल्यावर दोन दिवसांत गावासाठी सोळा षटकं टाकतो. गावात राहणारा, दर रविवारी सहा षटकं टाकणारा त्याचा चुलतभाऊ त्याच स्पर्धेत तेवढंच टाकतो आणि सोमवारी एमआयडीसीत पाळीला हजर असतो. चाकरमानी मात्र एप्रिलमध्ये खुर्चीवरून उठताना कण्हतो आणि म्हणतो, गादी बदलायला हवी. पाळीतलं पोती उचलणं आणि आवणीच्या वेळचं वाकणं हेही त्याच कंबरेच्या खात्यावर लिहिलं जातं, ही गोष्ट मोठ्या संघांच्या तक्त्यात नसते. आपल्या तक्त्यात असायला हवी.

मोठ्यांचंही सुटलेलं नाही. २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बुमराहने दीडशेहून अधिक षटकं टाकून ३२ बळी घेतले, आणि शेवटच्या सिडनी कसोटीच्या दुसऱ्या डावात पाठीमुळे त्याला चेंडू हातात घेता आला नाही. म्हणून २०२५ला इंग्लंडमध्ये तो पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधी ठरवलं. त्यावर टीका झाली. सिराज पाचही खेळला, १८५.३ षटकं, २३ बळी. लोक म्हणाले, बघा, याला म्हणतात मर्द. आम्हाला ही तुलनाच मान्य नाही. एकाच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याच्या नाही. आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर २०१८ला पहिल्याच कसोटीत दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखण्याने बाहेर गेला होता. मार्च २०२४मध्ये रणजीच्या उपांत्य सामन्यात शतक ठोकल्यावर त्यानेच जाहीरपणे सांगितलं, की सामन्यांमध्ये जेमतेम तीन दिवस मिळतात, असंच चाललं तर देशभर पोरं दुखावतील. खेळणाऱ्यानेच हे बोलून दाखवलं, याचं आम्हाला मोल वाटतं.

मुलांसाठी आकडे ठरलेले आहेत. इंग्लंडच्या मंडळाने १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका दमात ५ आणि दिवसात १० षटकं अशी मर्यादा घातली. अमेरिकेत १३-१४ वर्षांच्या पिचरला दिवसात ९५ चेंडू, आणि ६६च्या वर टाकले तर चार दिवस सुट्टी. जपानची गंमत वेगळी. तिथे शाळांची कोशिएन स्पर्धा म्हणजे आपल्या शिमग्यासारखी, सगळा देश बघतो. १९९८ला दाइसुके मात्सुझाका या शाळकरी पोराने १७ डावांच्या सामन्यात २५० चेंडू टाकले आणि दोन दिवसांनी अंतिम सामनाही टाकला. तो तिथला देव झाला. २०११ला त्याच्या कोपरावर तीच टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०२०पासून तिथे आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आहे.

आपल्याला एवढे नियम एकदम जमणार नाहीत. पण गुणलेखकाच्या वहीत एक रकाना वाढवता येतो: गोलंदाजाचे दिवसभरातले चेंडू, वाइड धरून. कर्णधाराने मोबाइलमध्ये आठवड्याची बेरीज ठेवावी आणि ती मागच्या महिन्याच्या सरासरीच्या दीडपटीवर जाऊ देऊ नये. दीडपट हा काही देवाचा शब्द नाही, संशोधकांतही त्यावर वाद आहेत, पण वहीत काहीच नसण्यापेक्षा बरा. चाकरमान्याने शिमग्याच्या महिनाभर आधीपासून तिकडेच, गल्लीत का होईना, आठवड्यातून दोनदा टाकायला लागावं. आणि आयोजकांनी सोळा वर्षांखालच्या मुलाला दिवसात चार षटकांच्या वर टाकू देऊ नये, हे प्रवेश फीच्या पत्रकावरच छापावं. मग उपांत्य फेरीत कुणाचा कर्णधार भांडायला आला तर पंचाला पत्रक दाखवता येतं.

शेवटचं, घरच्यांसाठी. कंबरेच्या एका बाजूला दुखतंय, मागे वाकलं की जास्त दुखतं, आणि दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर गोलंदाजी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. पोरगा जोरात टाकतो हे त्यांना सांगायचं, कारण साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. वेळेवर कळलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीने हाड जुळतं. तेल चोळून, पट्टा बांधून रविवारी पुन्हा उतरवलं, तर ते जुळत नाही. आता प्रश्न असतील तर विचारा, मागच्या रांगेतल्यांनी आधी.