पाणी पुरे, आधी भात!

ऑक्टोबर अखेरचे दिवस. सकाळी हरिहरेश्वरहून आम्ही दोघं मित्र सायकलवर निघालो. बागमांडल्याला फेरीबोटीत सायकली चढवल्या, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै आणि मुक्कामाला मुरूड. अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. पण कोकणातला रस्ता अंतरावरून मोजायचा नसतो. एक खाडी संपली की घाटी आणि घाटी उतरली की पुन्हा खाडी.

माझ्या मित्राने एक नियम मनाशी पक्का केला होता : तहान लागो न लागो, दर थांब्याला बाटली संपवायची. खाणं मात्र सकाळच्या पोह्यांवरच राहिलं. आंजर्ल्यानंतर त्याचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. ‘ऊन लागलंय, पाणी कमी पडतंय’ असं म्हणून तो आणखी पाणी प्यायला.

मुरूडला ज्यांच्या घरी उतरलो, त्या काकूंनी त्याच्याकडे पाहून विचारलं, ‘‘सकाळपासून खाल्लंत काय?’’ तो पुन्हा बाटलीकडे वळला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘पाणी पुरे आता. आधी चार घास पोटात जाऊ देत.’’ समोर मऊ भात आला, वर तूप-मेतकूट, बाजूला लोणच्याची फोड. तासाभरात तो दोनदा लघवीला जाऊन आला आणि डोकं हलकं झालं. रात्री कुळथाच्या पिठल्यावर त्याने ताव मारला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नेमकं काय झालं असावं?

रक्त तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. पण शक्यता होती रक्तातलं सोडियम उतरल्याची. ते साधारण लिटरमागे 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट असतं. एक लिटर घामातून सरासरी एक ग्रॅम सोडियम जातं. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम आणखी येतो. त्यातच दीर्घ श्रमाच्या वेळी मेंदूतून सुटणारं एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं. अशा वेळी वरून पाणी ओतत राहिलं की रक्त पातळ होतं, पेशींत पाणी शिरतं आणि मेंदूच्या पेशीही फुगतात. डोकेदुखी, मळमळ ही त्याची सुरुवात.

2002च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त प्यायले होते, त्यांना धोका अधिक होता.

फरक कसा ओळखाल?

तोंड कोरडं, लघवी थोडी आणि गडद पिवळी, तहान भरपूर, तर पाणी कमी पडलंय. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, पोट डबडबलं, तहान नाही तरी मळमळतंय, तर पाणी थांबवा आणि खारट काही खा. बोलण्यात गोंधळ, सतत उलट्या किंवा झटके आले तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

सायकलवर निघताना

तहान लागेल तसं प्या. तासा-दीड तासाने केळं, चिक्की, शेंगदाणे असं काही खात राहा. मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ताक उत्तम, पण तेही अतिरेकाने पिऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तर मीठ-पाण्याचं गणित आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मुक्कामाच्या घरी पोहोचलात की ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणू नका. दिवसभरात काय खाल्लं, किती प्यायलात, काय होतंय, ते सरळ सांगा. थकलेल्या माणसाला स्वतःची अवस्था कळेलच असं नाही, समोरच्याला ती आधी दिसते.