हिरव्या ठिपक्याच्या पलीकडे

भंडारा, तुमसर, पवनी वा साकोलीच्या बाजारपेठेत किराणा घेताना आपली दृष्टी प्रथम पाकिटावरील हिरव्या ठिपक्याकडे जाते. तो दिसला की मन निश्चिंत होते. परंतु तो ठिपका नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार श्रावक कुटुंबांनी आणि विशेषतः आपल्यातील व्यापाऱ्यांनी करावयास हवा.

असा प्रसंग ज्यू समाजावर येऊन गेला आहे. हा समाज महाराष्ट्राला परका नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातील बेने इस्रायल ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांच्या धर्मातील आहारनियमांना ‘कोशेर’ म्हणतात. त्यात मांस व दूध एकत्र वर्ज्य असल्याने दोहोंपासून अलिप्त अशा पदार्थावर ‘पारेव्ह’ ही निराळी खूण असते. अमेरिकेतील ‘ट्रेडर जोज’ या दुकानांतील चॉकलेट चिप्सवर ती होती आणि अनेक घरांत ते चिप्स आवडीचे होते. २०१२ साली प्रमाणन संस्थेने ती खूण बदलून दुग्धवर्गाची दिली. घटक तेच होते. केवळ पाकिटे भरणाऱ्या यंत्राच्या स्वच्छतेची पद्धत बदलली होती आणि दुधाच्या चॉकलेटचा अंश लागण्याची शक्यता उत्पन्न झाली होती. हजारो ग्राहकांनी विनंतीपत्रावर सह्या केल्या. हळहळ झाली, परंतु फसवणूक कोणाचीही झाली नाही.

आपल्याकडे शाकाहाराची खूण २००१ च्या नियमांनी आली. तिच्या व्याख्येत मध, मेणमाशांचे मेण आणि शेलॅक यांना सूट आहे. मधुत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांपैकी. तरीही मध असलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका नियमानुसारच असतो. पळसावर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारे शेलॅक गोळ्या-चॉकलेटांवर चकाकीसाठी लावतात. घटकसूचीत त्याचा क्रमांक ९०४ असतो. कांदा, लसूण व कंदमुळांविषयी तर ठिपका मौनच पाळतो. ‘जैन’ या शब्दासाठी हिरव्या ठिपक्यासारखे सरकारी चिन्ह नाही. तेथे उत्पादकाच्या शब्दावरच विसंबावे लागते.

काही घटकांचे मूळ क्रमांकावरून कळत नाही. ४७१ हा वनस्पतिजन्य वा प्राणिजन्य असू शकतो. ६३१ मांस वा मासळीपासूनही बनतो. याच कारणास्तव डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की घटकाचे प्रमाण कितीही अल्प असो, त्याचे मूळ वनस्पती, प्राणी की प्रयोगशाळा, हे पाकिटावर स्पष्ट लिहावे. आपण काय खातो हे जाणण्याचा प्रत्येकास अधिकार आहे, हे त्यामागील तत्त्व.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. एक वस्तू दाखवून भेसळीची दुसरी देणे, हा त्याचा अर्थ. नकळत बदललेला माल विकणे हा तो दोष नव्हे. परंतु बदल कळल्यावरही मौन राखणे त्याच्या निकट जाते.

म्हणून नवीन माल येताच घटकसूची पुन्हा वाचावी. शंका असल्यास पाकिटावरील ग्राहकसेवा क्रमांकावर मूळ विचारावे. चातुर्मासात व्रतस्थ ग्राहक येतात, त्यांना झालेला बदल आपणहून सांगावा. एखादे पाकीट विकले जाणार नाही. पण त्या घराचा विश्वास आपल्या दुकानावर टिकेल.