प्रमाणपत्र वाचले, म्हणजे पटले का?



आज आम्ही आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. निवृत्तीनंतर आम्ही सी भाषा शिकलो. एका जुन्या विद्यार्थ्याची मुरबाड तालुक्यात वडिलोपार्जित जमीन. व्यवहार ठरत होता, आणि डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची पीडीएफ त्याच्या हाती आली होती. "सर, ही सही खरी का?" म्हणून विचारायला आला. आम्ही हौसेने प्रोग्राम लिहिला, पीडीएफमधल्या सहीसोबतचे प्रमाणपत्र बाहेर काढले, वाचले. पडद्यावर अधिकाऱ्याचे नाव, मुदत, सगळे नीट उमटले. आम्ही "खरी" म्हणणारच होतो.

झोपण्यापूर्वी शंका आली. घरीच पाच मिनिटांत एक प्रमाणपत्र बनवले, नाव घातले एका कल्पित तहसीलदाराचे. आमच्या प्रोग्रामने तेही तितक्याच आनंदाने वाचून दाखवले! झोप उडाली.

आता मुळात हे प्रमाणपत्र असते कसे, ते बघू. फाइल उघडली की वर पाच आडव्या रेघा, 'बिगिन सर्टिफिकेट', परत पाच रेघा, आणि खाली अर्थहीन अक्षरांच्या ओळी. याला पेम म्हणतात. १९९३च्या, सुरक्षित ईमेलसाठीच्या मानकातून हे रूप आले. जुन्या टपालव्यवस्थेतून फक्त साधा मजकूरच धड पोहोचायचा, म्हणून दर तीन बाइटांची चार अक्षरे करून पाठवायची. हेच बेस-६४. लक्षात घ्या, हे कुलूप नव्हे, नुसते लिप्यंतर आहे. कोणीही उलटे वाचू शकतो.

ती अक्षरे उलगडली की आत डेर नावाची बांधणी सापडते. प्रत्येक गोष्टीआधी दोन खुणा: ही वस्तू कोणत्या प्रकारची आणि किती लांब. डब्यावरच्या चिठ्ठीसारखे. प्रमाणपत्राचा पहिला बाइट षोडशमान पद्धतीत ३०, म्हणजे 'आत क्रमाने अनेक वस्तू आहेत'. दुसरा बहुधा ८२, म्हणजे 'पुढचे दोन बाइट लांबी सांगतील'. हे बिट सहा-सहाच्या गटांत मोडले की अक्षरे येतात एम, आय, आय. म्हणून बहुतेक प्रमाणपत्रे याच तीन अक्षरांनी सुरू होतात.

सीमध्ये हे हाताने उलगडू नये, ओपनएसएसएलसारखे ग्रंथालय वापरावे. पेमसाठी वेगळे फंक्शन, डेरसाठी 'डी-टू-आय' घराण्यातले. दोन्हीकडे नल परत आले का, ते आधी पाहायचे. शिवाय 'डी-टू-आय' वाचता वाचता आपला पॉइंटर पुढे सरकवते. नंतर तोच फ्री करायला गेलात, तर प्रोग्राम कोसळलाच म्हणून समजा. मूळ पत्ता वेगळा जपून ठेवा.

इतके जमले की वाटते, झाले काम. इथेच आम्ही फसलो. लोकलमध्ये टीसी पास हातात घेतो. डोंबिवली ते ठाणे, अमुक तारीख, हे वाचणे झाले. तो पास रेल्वेनेच दिला का, हा प्रश्न वाचून सुटत नाही.

आपल्या नैयायिकांनी हे फार पूर्वी मांडले: ज्ञान झाले म्हणून ते प्रमाण ठरत नाही, त्याचे प्रामाण्य दुसरीकडून, परतः, ठरते. मग त्या दुसऱ्याचे कोणी ठरवायचे? त्याच्यावर तिसरा, त्याच्यावर चौथा. याला अनवस्था म्हणतात. संगणकातही अशीच साखळी असते आणि ती मूळ प्रमाणपत्रापाशी थांबते. ते स्वतःच स्वतःवर सही करते, म्हणजे त्या सहीने काही सिद्ध होत नाही. आपण ते मानतो बाहेरच्या कारणाने. भारतात ते कारण माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. त्याखालचे नियंत्रक देशाचे मूळ प्रमाणपत्र सांभाळतात.

म्हणून प्रोग्रामला ते मूळ प्रमाणपत्र खात्रीच्या जागेवरून आणून आपण द्यायचे आणि मग साखळी तपासणारे फंक्शन बोलवायचे. उत्तर नेमके १ आले तरच होकार. शून्य म्हणजे नकार, पण अडचणीत ऋण आकडाही येऊ शकतो, आणि सीमध्ये नुसते 'इफ' लिहिले तर ऋण आकडाही 'होय' ठरतो! पुढे प्रमाणपत्र रद्द झाले आहे का, ते पाहायचे, आणि त्यातल्या सार्वजनिक किल्लीने दस्तऐवजावरची सही पडताळायची.

वाचणेही निर्धोक नसते बरे. मार्च २०२२मध्ये ओपनएसएसएलने एक दोष दुरुस्त केला. मुद्दाम बिघडवलेले प्रमाणपत्र वाचायला घेतले की प्रोग्राम न संपणाऱ्या फेऱ्यांत अडकायचा. वाचन सही तपासण्याआधी होते, त्यामुळे तिऱ्हाईतही हा सापळा लावू शकत होता. तेव्हा ग्रंथालय अद्ययावत ठेवा.

आमच्या विद्यार्थ्याच्या सातबाऱ्याची साखळी शेवटी जुळली, सहीही पटली. तरी आम्ही त्याला एवढेच सांगितले: "हा कागद तिथूनच आला आहे आणि वाटेत बदललेला नाही. जमिनीवर वारसांचा वाद आहे का, ते गावात जाऊन विचार."

तो गेला. तुम्हीही जात जा.