शब्दांची उलटतपासणी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही मालवणकडची माणसे ही म्हण मुलांना शिकवतो आणि एका माडासाठी तीन पिढ्या तारखा करीत बसतो! त्यामुळे कोर्टाच्या कागदांचे भय मला कधीच वाटले नाही. पण मराठीच्या मास्तराचे हायकोर्टाच्या दफ्तरात काय काम, असे माझे सहकारी थट्टेने विचारतात. काम असे, की तिथे मराठी शब्दांवर एका माणसाची सहा वर्षे टांगलेली होती.

गोष्ट 1908 सालची. मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांसाठी लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. 12 मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि 9 जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’, हे त्यांतले मुख्य लेख. सहा वर्षांची शिक्षा आपण शाळेतच पाठ करतो. पण निकाल ही खटल्याची शेवटची ओळ. खटला वाचायचा तर आरोप, पुराव्यात दाखल केलेले लेख, त्यांची भाषांतरे, साक्षी आणि दोन्ही बाजूंची भाषणे, सारे बाड उलगडावे लागते. न. चिं. केळकरांनी ते कामकाज त्याच वर्षी इंग्रजीत शब्दशः छापून ठेवले, हे त्यांचे आपल्यावर केवढे उपकार!

त्या बाडात काय दिसते? ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, आणि ज्युरीच्या हाती सरकारी भाषांतर. टिळक स्वतःच आपले वकील. भाषांतर खात्याच्या अधिकाऱ्याला उभे करून ते शब्दांचे अर्थ विचारतात. ‘माथेफिरू’सारखा शब्द घ्या. आमची आजी नातवालाही रागाने माथेफिरू म्हणायची. इंग्रजीत नेताना त्याला एकतर वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागते, नाहीतर खुन्यांच्या रांगेत. राग, कीव आणि थोडी माया, ही मधली छटा वाटेत सांडते. टिळक 21 तास 10 मिनिटे बोलले. 22 जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले.

शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर, आणि 1897च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टरही दावरच! नाटककाराने असे लिहिले असते, तर आपण त्याला हसलो असतो.

त्या 1897च्या खटल्यातही भांडण शब्दाचेच. कायद्यात होती ‘अप्रीती’. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितले, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. व्याकरण शिकवणाऱ्याला हे वाचून राहवत नाही. ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञानाचा अभाव खरा, पण ‘अधर्म’ म्हणजे नुसता धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या विरुद्ध वर्तन. शेजाऱ्यावर माझी प्रीती नाही म्हणून मी त्याचा वैरी ठरत नाही. पण त्या एका ‘अ’च्या अर्थावर दीड वर्षाची कैद झाली. 1898 साली कलम सुधारले, तेव्हा ‘अप्रीती’त द्रोह आणि वैरभाव येतात, असे स्पष्टीकरण घातले गेले.

1916 साली पुन्हा तेच. बेळगाव व अहमदनगर येथील मराठी भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. हायकोर्टात जीना त्यांच्या बाजूने उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी सुटी वाक्ये न वेचता भाषणे समग्र वाचली आणि 9 नोव्हेंबरला हुकूम रद्द केला. परीक्षेच्या पेपरात मी मुलांना ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ लिहायला लावतो, ते याहून निराळे काय आहे?

ऑगस्ट 2025पासून कोल्हापुरास हायकोर्टाचे फिरते खंडपीठ बसते, त्यामुळे सिंधुदुर्गच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. खालच्या कोर्टात साक्ष मराठीत होते. अपील वर गेले, की ती इंग्रजीत उतरते. आमचा साक्षीदार शेताच्या बांधाला ‘मेर’ म्हणतो. ‘मेरेवरचो माड माझो’ असे तो शपथेवर सांगेल, तेव्हा भाषांतर करणाऱ्याने त्याला एकदा शांतपणे विचारावे, मेर म्हणजे नेमकी कुठून कुठवर?