बोर्ड आधी कागदावर!

ब्रेडबोर्डवर मस्त चाललेलं सर्किट पीसीबीवर का बंद पडतं? कित्येकदा घोळ फुटप्रिंटचा असतो.

जाँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केलेलं कीकॅड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात आधी स्किमॅटिक काढायचं, मग प्रत्येक पार्टला फुटप्रिंट द्यायचा, शेवटी ट्रॅक. ईआरसी जोडण्या तपासतं, डीआरसी ट्रॅकमधलं अंतर. पण तुमच्या हातात कोणता ट्रान्झिस्टर आहे, हे त्याला कुठून कळणार? सपाट बाजू समोर धरली, की डावीकडून बीसी ५४७ चा क्रम कलेक्टर-बेस-एमिटर, तर २एन ३९०४ चा बरोब्बर उलटा! दिसायला दोघं जुळे भाऊ.

म्हणून डेटाशीट बघा. लेआउटची १०० टक्के स्केलवर प्रिंट काढून त्यावर पार्ट ठेवा. डिप आयसीच्या पिना २.५४ मिमी अंतरावर असतात. त्या नेमक्या बसल्या, तरच बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये टाका. कागद वाया गेला तर चालेल, बोर्ड नको!